ब्रह्मावर्तातले बिर्‍हाड

सरकारी नोकराच्या संसारात दोन जातींच्या ट्रंका असतात. एक बदलीच्या गावी पोचताच उघडायच्या आणि दुसऱ्या बदलीच्या गावी कधीच न उघडायच्या. या दुसऱ्या जातीच्या ट्रंकेत पुरणयंत्र असते, गौरींचे मुखवटे असतात, तळी भरण्याचे तांब्याचे ताम्हन असते. "इथे काय, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न," असे म्हणून ती कुलपासकट पलंगाखाली सरकवली जाते आणि पुढच्या बदलीच्या वेळी तशीच बाहेर काढली जाते. आमची कानपुरास बदली झाली, त्या गोष्टीला गेल्या कार्तिकात वर्ष पुरे झाले. त्या वर्षात आम्ही क्वार्टर मिळवले, गॅस मिळवला, चिरंजीवांना शाळेत घातले, एका हिवाळ्याची थंडी आणि एका उन्हाळ्याची लू सोसली. ती ट्रंक मात्र जशीच्या तशी होती.

वर्ष भरले म्हणून, किंबहुना त्या निमित्ताने, आम्ही सहकुटुंब बिठूरास गेलो. कानपुरापासून पंचवीसएक किलोमीटरांवर, गंगेच्या काठी हे गाव आहे. भाविकांच्या दृष्टीने ते ब्रह्मावर्त. ब्रह्मदेवाची खुंटी म्हणून पूजिला जाणारा खिळा तिथल्या घाटावर आहे आणि वाल्मीकींचा आश्रमही इथेच होता अशी श्रद्धा आहे. मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र ते दुसऱ्या बाजीरावाचे गाव. घाटावर नावाड्याने चिरंजीवांना विचारले, "बेटा, कहाँ के हो?" चिरंजीव क्षणाचाही विलंब न लावता उद्गारले, "यहीं का. कानपुर का." आम्ही घाईघाईने दुरुस्ती केली, "अरे, आपण साताऱ्याकडचे." नावाडी हसला. आमच्या मनाला मात्र तो प्रश्न चिकटून राहिला आणि पुढचे काही आठवडे आम्ही बिठूरच्या इतिहासात शिरलो ते त्या प्रश्नाच्या पाठोपाठ.

शाळेत आम्ही एवढेच शिकलो होतो, की १८१८ साली पेशवाई बुडाली व बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. राज्य बुडणे ही गोष्ट एका वाक्यात सांगता येते. पण घर हलणे एका वाक्यात आटोपत नाही. पुण्याची हवेली सुटल्यापासून बिठूरास मुक्काम पडेपर्यंत पेशव्यांच्या कुटुंबाला सव्वा वर्ष लागले. त्या सव्वा वर्षाची हकीगत राजकारणाच्या धामधुमीत बाजूला राहते. आम्हां बदलीवाल्यांना मात्र तीच अधिक ओळखीची वाटते.

हा बाजीराव मुळातच एका ठिकाणी न राहिलेला पुरुष. त्याचा जन्म १७७५ च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात झाला. रघुनाथराव पेशवेपदासाठी पुणेकर कारभाऱ्यांशी झगडत देशोधडी फिरत होता आणि आनंदीबाईंनी त्या परक्या किल्ल्यात आसरा घेतला होता. पुढे बालपण गेले ते कोपरगाव-आनंदवल्लीच्या नजरकैदेच्या छायेत. गादीवर बसल्यावरही १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने हडपसरपाशी त्याच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला, तेव्हा तो पुणे सोडून वसईस गेला. तिथे ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला व १८०३ च्या मे महिन्यात त्यांच्या फौजेच्या आधाराने परतला. परतल्यावर त्याने पुण्यात विश्रामबागवाडा बांधविला. ज्या माणसाला आयुष्यात विश्राम मिळाला नाही त्याने वाड्याला ते नाव द्यावे, यात आम्हांला त्याच्या मनाची खूण दिसते.

१८१७ च्या नोव्हेंबरात ही स्थिरता मोडली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी प्रथम जळाले ते इंग्रजांचे घर: संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या सैन्याने जाळली आणि एल्फिन्स्टन बेघर झाला. बाराच दिवसांनी पारडे फिरले. येरवड्याच्या लढाईनंतर बाजीराव पुण्याबाहेर पडला आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. त्यानंतरचे सात महिने हे कुटुंब घोड्यावर होते. १८१८ च्या पहिल्याच दिवशी कोरेगावची लढाई झाली. फेब्रुवारीत अष्टीला सेनापती बापू गोखले पडले आणि बरोबर आणलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले. १७ एप्रिलला वऱ्हाडच्या सरहद्दीवर शिवणीपाशी उरलीसुरली फौज उधळली. लढायांच्या या यादीत घरातल्या माणसांची नावे येत नाहीत. पण ती होतीच. बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई रायगडावर होत्या. इंग्रजांच्या तोफांनी गडावरच्या इमारती पेटल्या, १० मे रोजी गड त्यांच्या ताब्यात गेला, आणि जळक्या अवशेषांमधून बाईसाहेबांना पुण्याकडे जाण्याची मोकळीक मिळाली. धाकटा भाऊ चिमाजीआप्पाही याच धामधुमीत वेगळा होऊन इंग्रजांच्या हाती आला व पुढे काशीस जाऊन राहिला. नवरा खानदेशाच्या वाटेवर, बायको कोकणच्या गडावर आणि भाऊ तिसरीकडे, अशी या घराण्याची त्या उन्हाळ्यातली स्थिती होती.

शेवटी अशीरगडच्या परिसरात सर जॉन माल्कमने बाजीरावापुढे अटींचा कागद ठेवला. तो कागद आम्ही वाचला तेव्हा प्रथम हसू आले व मग गंभीर झालो. इतिहासकार त्याला पेशवाईचे मृत्युपत्र म्हणोत. आमच्या सरकारी डोळ्यांना तो हुबेहूब बदलीचा हुकूम दिसला. स्वतःसाठी व वारसांसाठी राज्यावरील सर्व हक्क सोडावेत. कुटुंबासह व थोड्याशा नोकरमाणसांसह चोवीस तासांच्या आत छावणीत हजर व्हावे. काशी किंवा हिंदुस्थानातील दुसरे एखादे पवित्र स्थळ, जे गव्हर्नर जनरल मुक्रर करील तिथे राहावे. दक्षिणेच्या शांततेसाठी व पावसाळा तोंडावर आल्यामुळे एका दिवसाचाही विलंब न करता उत्तरेस निघावे. मागे राहिलेली कुटुंबातील माणसे शक्य तितक्या लवकर व सोयीने पाठविण्याची हमी माल्कम घेईल. आणि स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी वर्षाला आठ लाख रुपयांहून कमी नाही असे पेन्शन मिळेल. हजर होण्याची मुदत, नेमणुकीचे ठिकाण, कुटुंब मागाहून आणण्याची सोय आणि निर्वाहाचा आकडा, सगळी कलमे त्यात आहेत. परतीच्या प्रवासाचे तेवढे नाही.

३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या छावणीत दाखल झाला. घर हलविताना पहिले संकट येते ते हमालीचे. पेशव्यांनाही ते चुकले नाही. सहाच दिवसांनी त्याच्या पदरच्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्याच्या तंबूंना वेढा दिला. कालपर्यंत ज्यांच्या बळावर तो लढत होता त्यांच्याच हातून त्याला सोडविण्यासाठी माल्कमला मध्ये पडावे लागले. नंतर पावसाळ्यातून, माळवा-राजपुतान्याच्या वाटेने, हा तांडा उत्तरेस सरकू लागला. इकडे कलकत्त्यात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आठ लाखांचा आकडा पाहून नाराज झाला. माल्कमचे म्हणणे असे, की एवढ्या रकमेत एक लांबलेले युद्ध संपत असेल तर सौदा स्वस्तच आहे. शिवाय हे पेन्शन फार वर्षे द्यावे लागेल असे त्याला वाटत नव्हते. बाजीराव त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होता. तो पुढे साडेबत्तीस वर्षे जगला. पेन्शनरांच्या आयुर्मर्यादेविषयीचे सरकारी अंदाज तेव्हापासूनच चुकत आले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

कुठे राहावयाचे, यावर पुष्कळ घोळ झाला. बाजीरावाला काशी हवी होती. पण काशी मोठे शहर, देशभरच्या यात्रेकरूंचे व खबरींचे केंद्र. शिवाय पेशव्यांच्या घराण्यातली माणसे उत्तरेत आधीच येऊन राहिलेली होती. दत्तक भाऊ अमृतराव १८०३ मध्येच इंग्रजांशी करार करून इकडे आला होता. सगळे पेशवेकुळ एका ठिकाणी जमावे हे कंपनीला सोयीचे नव्हते. मग बिठूर सुचले. तीर्थक्षेत्र आहे, गंगा आहे, आणि कानपुरची लष्करी छावणी हाकेच्या अंतरावर आहे. धर्माची बाजू बाजीरावाची, छावणीची बाजू कंपनीची. दोघांच्याही सोयीचे हेच एक गाव. १८१९ च्या फेब्रुवारीत पेशव्यांचे बिर्‍हाड ब्रह्मावर्तात आले. देखरेखीला एक इंग्रज कमिशनर नेमण्यात आला; आरंभी तो जॉन लो होता.

बिर्‍हाड हा शब्द आम्ही समजून वापरीत आहोत. घर ते घर आणि बिर्‍हाड ते बिर्‍हाड. घराच्या भिंतीला खिळा ठोकताना कोणी विचार करीत नाही. बिर्‍हाडाच्या भिंतीला ठोकताना आधी सोडून जाण्याचा दिवस मनात येतो. बाजीरावाने बिठूरात वाडा बांधला, देवळे बांधली, स्नानसंध्या, अनुष्ठाने, दानधर्म चालविले. पुण्यातली त्याची दिनचर्या त्याने जणू उचलून गंगाकाठी आणून ठेवली. त्याचे नवे विवाहही इथे झाले. परंतु या सगळ्याचा पाया एकाच माणसाच्या श्वासावर होता. आठ लाख येत होते ते बाजीरावाच्या नावाने. वाडा, देवळे, मुदपाकखाना, शागीर्द, आश्रित हे सारे त्या नावाच्या सावलीत उभे होते. दरम्यान मागचे घर तरी कुठे उरले होते? १८२८ च्या फेब्रुवारीत पुण्यात शनिवारवाड्याला आग लागली आणि आतल्या इमारती जळून गेल्या. परत जाण्यास मनाई होतीच. आता परत जाण्याजोगे घरही राहिले नाही.

बाजीरावाची वागणूक या काळात कंपनीशी इतकी सरळ होती, की अफगाण युद्धाच्या वेळी त्याने तिला पाच लाखांचे कर्ज दिले आणि शीख युद्धाच्या प्रसंगी हजार पायदळ व हजार घोडेस्वार स्वतःच्या खर्चाने उभे करण्याची तयारी दाखविली. याबद्दल त्याला दूषण देणारे पुष्कळ आहेत आणि ते चुकीचे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याचा सगळा संसार एका कागदावरील एका कलमावर अवलंबून आहे तो त्या कागदाच्या मालकाला कसा जपतो, हे ओळखण्यास आम्हांला दूर जावे लागत नाही.

आता त्या तांड्यातल्या इतर माणसांकडे वळू. अटींच्या कागदात 'थोडीशी नोकरमाणसे' एवढाच त्यांचा उल्लेख, नावे नाहीत. प्रत्यक्षात बाजीरावाच्या मागोमाग आश्रित, शास्त्री, पुजारी, कारकून व शिलेदार यांची कितीतरी कुटुंबे देश सोडून आली. त्यांना आठ लाख नव्हते, गव्हर्नर जनरलने गाव मुक्रर केलेले नव्हते, 'कुटुंब सोयीने पाठवू' अशी हमी कोणी दिलेली नव्हती. अशांपैकी एक येवल्याचे पांडुरंगराव. त्यांचा मुलगा रामचंद्र त्या वेळी चार-पाच वर्षांचा असावा. येवल्याची वाट त्याला किती आठवत असेल? त्याला कळू लागले तेव्हा समोर गोदा नव्हती, गंगा होती. वेणगावचे माधवराव भट असेच सहकुटुंब बिठूरास आले. त्यांचा मुलगा धोंडोपंत बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतला. काशीस चिमाजीआप्पांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे आप्पांच्या मृत्यूनंतर आपल्या लहान मुलीला घेऊन बिठूरास आले. पहिला मुलगा तात्या टोपे, दुसरा नानासाहेब, आणि ती मुलगी पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. पुण्याच्या हवेलीत कधीही न वाढलेली ही पोरे. ती वाढली ती एका पेन्शनराच्या बिर्‍हाडाच्या अंगणात.

२८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला आणि तेहतीस वर्षांपूर्वीच्या त्या कागदाची घडी पुन्हा उलगडली गेली. प्रश्न एका शब्दाचा होता: कुटुंब. कंपनीने ठरविले, की पेन्शन बाजीरावाचे व्यक्तिगत होते व ते त्याच्याबरोबर संपले. मागे ठेवलेल्या मालमत्तेवर कुटुंबाने निर्वाह करावा. डलहौसीने आजवर दिलेल्या रकमेचा हिशेबही मांडून दाखविला. आठ लाखांप्रमाणे ती अडीच कोटींच्या घरात जात होती. नानासाहेबाने १८५२ च्या अखेरीस लंडनच्या संचालकांकडे अर्ज केला. त्यातला युक्तिवाद आजही कोणा सेवानिवृत्त हेडक्लार्काने मान डोलवावी असा आहे. राज्यावरील हक्क जर स्वतःसाठी व वारसांसाठी सोडून घेतले, तर त्याचा मोबदला वारसांना का नाही? आणि निर्वाह जर 'स्वतःचा व कुटुंबाचा' असे लिहिले आहे, तर माणूस गेल्यावर 'कुटुंबाचा' या शब्दाला अर्थ काय उरतो? अर्ज फेटाळला गेला. १८५३ मध्ये अजीमुल्लाखान वकिलीसाठी लंडनला जाऊन आला, तोही हात हलवीत. ज्या हुकुमाने कुटुंब हलविले, त्याच हुकुमातले कुटुंब अशा रीतीने खोडले गेले.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १८५७ च्या जूनमध्ये कानपुर पेटले. त्यात जे घडले ते सगळेच गौरवाचे नव्हते. सतीचौरा घाटावर व बीबीघरात बायकामुलांचेही प्राण गेले आणि त्याचा सूड इंग्रजांनी तितक्याच निर्घृणपणे उगविला. जुलैत हॅवलॉकच्या सैन्याने बिठूरचा वाडा जाळला. डिसेंबरात होप ग्रँटच्या तुकडीने उरलेसुरले उद्ध्वस्त केले व विहिरीत दडविलेली चीजवस्तू उपसून नेली. एका पिढीचे बिर्‍हाड अशा तऱ्हेने मोडले. नानासाहेब नेपाळच्या तराईत गेला.

पण आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिळाले ते या धुमश्चक्रीत नव्हे, तर त्यानंतरच्या एका साध्या कागदात. १८५९ च्या एप्रिलमध्ये तात्या टोपे पकडला गेला. १८ एप्रिलला शिवपुरीस त्याला फाशी देण्यात आली. त्यापूर्वी त्याचा जबाब नोंदला गेला. जबाबाच्या आरंभी रिवाजाप्रमाणे नाव, बापाचे नाव, राहण्याचे ठिकाण, वय हे आले. बापाचे मूळ गाव त्याने देशावरचे सांगितले. स्वतःविषयी मात्र त्याने सांगितले, की आपण बिठूरचे रहिवासी.

या एका नोंदीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस तिथे काहीही सांगू शकला असता. पेशव्यांच्या आश्रयाला आलेल्या कुटुंबातला हा मुलगा. मराठी घरात, मराठी पंक्तीत वाढलेला. त्याने बापाचे गाव नाकारले नाही आणि आपले गावही लपविले नाही. ज्या बाजीरावाला गाव नेमून दिले गेले, पेन्शन मिळाले, वाडा मिळाला, तो साडेबत्तीस वर्षे श्रीमंत पाहुणा म्हणून राहिला. आणि ज्यांची हुकुमात नावेही नव्हती त्यांची पोरे बिठूरची झाली. गाव आपलेसे होते ते हुकुमाने नव्हे, तिथे जेवढे आपण उघडून ठेवतो तेवढ्याने. यामुळे देश विसरला जातो, ही आमची भीतीही त्या नोंदीने खोटी ठरविली. तात्याला दोन्ही गावे एका जबाबात सांगता आली.

बाजीरावाबरोबर आलेल्या घराण्यांचे वंशज बिठूरात आजही आहेत. वाड्याच्या जागी नानाराव स्मारकाची बाग आहे. कार्तिकी पौर्णिमेला घाटावर मोठी गर्दी जमते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी चंपाषष्ठी आली. आमच्या घरी खंडोबाचा कुळाचार आहे. भरीत-रोडग्याचा नैवेद्य आम्ही गेल्या वर्षीही केला होता. तळी मात्र भरली नव्हती. तळी उचलावयास पाच जण लागतात आणि वसाहतीत मराठी घरे दोनच. "मग यंदा?" असे सौभाग्यवतींनी विचारले. आम्ही काही बोलण्यापूर्वी चिरंजीव शेजारच्या शुक्लाजींना, वरच्या मजल्यावरच्या दोघा भावांना आणि पलीकडच्या बिहारी मास्तरांना बोलावून मोकळे झाले होते. पलंगाखालची ट्रंक ओढून काढावी लागली. कुलूप गंजले होते; थोडे तेल घातल्यावर उघडले. ताम्हनात खोबरे, सुपारी, विड्याची पाने आणि भंडारा मांडला. पाच जणांनी ते उचलले. शुक्लाजींच्या तोंडी 'येळकोट' बसेना. तिसऱ्या वेळी बसले. भंडारा सर्वांच्या कपाळी लागला आणि थोडा सरकारी भिंतीलाही.

तो अजून पुसलेला नाही. आणि मास्तरांनी चिरंजीवांना जाताजाता विचारले, "तुम्हारा गाँव कौन-सा है?" तेव्हा ते म्हणाले, "सातारा. और कानपुर." या वेळी आम्ही दुरुस्ती केली नाही.